डॉक्टरांचा नकार : कोणासाठी?

२०२३ च्या रमजानमधली गोष्ट. माझा भाचा इफ्तारला घरी आला होता. तो डॉक्टर आहे. तालुक्याच्या गावी त्याचे वीस खाटांचे हॉस्पिटल आहे. कर्ज काढून उभे केलेले, अजून हप्ते चालू असलेले. मगरिबची नमाज झाली, चहा आला, आणि टीव्हीवर जयपूरच्या बातम्या लागल्या. राजस्थान विधानसभेने २१ मार्चला आरोग्याच्या हक्काचे विधेयक मंजूर केले होते आणि त्याच्या विरोधात तिथल्या खासगी डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवले होते.

"मामू, हे बघून घ्या," भाचा म्हणाला. "आज तिथे आहे, उद्या आपल्याकडे येईल. कोणीही दारात येऊन इमर्जन्सी म्हणेल आणि मी पैसे न विचारता उपचार करायचे. नंतर सरकार देणार म्हणे! सरकारी योजनेचे पैसे किती महिन्यांनी येतात, ते मला विचारा."

मी म्हणालो, "तुझे खरे असेल. पण दवाखाना बंद असताना जो पेशंट दारात आला असेल, त्याचे काय?"

तो थोडा चिडला. "तुम्हा मास्तरांनी याच महिन्यात जुन्या पेन्शनसाठी संप केला ना? पोरांचे नुकसान झालेच की. मास्तरांचा संप म्हणजे हक्क आणि डॉक्टरांचा संप म्हणजे गुन्हा, हे कसे?"

मी निवृत्त शिक्षक. ऐन उमेदीत संपात उतरलेलाही आहे. त्यामुळे त्याला तोंडावर उत्तर देता आले नाही. तो गेल्यावर मात्र प्रश्न मनात राहिला. सरकारला 'नाही' म्हणण्याचा हक्क डॉक्टरला आहे काय? असेल तर कोणत्या बाबतीत, आणि त्या नकाराची किंमत कोणी मोजायची? गेली काही वर्षे या विषयावर जमेल तसे वाचत आलो. लक्षात आले की हा वाद राजस्थानात जन्मलेला नाही. सरकारने आरोग्यसेवेची जबाबदारी अंगावर घ्यायची आणि डॉक्टरांनी त्याला स्वातंत्र्यावरचा घाला म्हणायचे, असे जगात अनेकदा घडले आहे. त्यांतली एक घटना अशी आहे की तीत दोन्ही बाजू अगदी उघड्यावर आल्या. ती घडली कॅनडातल्या सस्कॅचेवान नावाच्या प्रांतात, १९६२ साली.

सस्कॅचेवान हा गव्हाचा प्रदेश. मैलोन्‌मैल शेते, विरळ वस्ती, कडाक्याची थंडी. १९३० नंतरच्या मंदीत आणि दुष्काळात इथला शेतकरी पार खचला. डॉक्टरला द्यायला त्याच्याकडे पैसा नव्हता, आणि शेतकऱ्याकडे पैसा नाही म्हटल्यावर डॉक्टरचीही चूल नीट पेटत नव्हती. यावर तिथल्या खेड्यांनी आधीच एक तोड काढली होती. गावाने कर गोळा करायचा आणि त्यातून डॉक्टरला पगारावर ठेवायचे. पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेली ही पद्धत मंदीत पुष्कळ पसरली. तेव्हा डॉक्टरांनाही ती गुलामी वाटली नाही. १९४३ मध्ये तर कॅनेडियन मेडिकल असोसिएशननेसुद्धा आरोग्य विम्याचे तत्त्व मान्य केले होते. पुढे दिवस पालटले. लोकांच्या हाती पैसा आला, डॉक्टरांनी स्वतः चालवलेल्या विमा योजना भरभराटीला आल्या, आणि तेच तत्त्व संघटनेला धोक्याचे वाटू लागले. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. आपण ज्याला तत्त्व म्हणतो त्याच्या मुळाशी कितीदा परिस्थिती असते, एवढेच लक्षात असावे.

१९४४ साली या प्रांताचा मुख्यमंत्री झाला टॉमी डग्लस. मूळचा धर्मोपदेशक. लहानपणी त्याच्या पायाच्या हाडाला आजार झाला होता. घरची गरिबी, पाय कापावा लागणार असे ठरत आले होते. तेवढ्यात एका नामांकित सर्जनने त्याला पाहिले आणि विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी या मुलावर शस्त्रक्रिया करू दिली तर फुकट करीन, असे आईवडिलांना सांगितले. पाय वाचला. डग्लस ही गोष्ट आयुष्यभर सांगत असे. सर्जनचे उपकार तो विसरला नाही. पण त्याला दुसरेच बोचत राहिले. आपला पाय वाचला तो योगायोगाने. ज्या मुलाच्या वाट्याला असा योगायोग येणार नाही, त्याचे काय?

त्याच्या सरकारने १९४७ पासून रुग्णालयातल्या खर्चाचा सार्वजनिक विमा सुरू केला. डिसेंबर १९५९ मध्ये पुढचे पाऊल जाहीर केले. आता डॉक्टरची फीसुद्धा सरकारी विम्यातून द्यायची, प्रांतातल्या प्रत्येकासाठी. १९६० ची निवडणूक याच प्रश्नावर लढली गेली. डॉक्टरांच्या संघटनेने वर्गणी गोळा करून जोरदार विरोधी प्रचार केला, तरी डग्लसचा पक्ष निवडून आला. नोव्हेंबर १९६१ मध्ये कायदा झाला. डग्लस राष्ट्रीय राजकारणात गेला आणि त्याच्या जागी वुड्रो लॉइड मुख्यमंत्री झाला. हा मूळचा शिक्षक. ३ मे १९६२ रोजी तो रिजायना शहरात डॉक्टरांच्या सभेला स्वतः गेला आणि त्याने आपली बाजू मांडली. मग जे या योजनेत काम करणार नाहीत त्यांनी उभे राहावे, असे सभेत सांगण्यात आले. जवळजवळ सगळी सभा उभी राहिली.

१ जुलै १९६२ रोजी कायदा अमलात आला आणि त्याच दिवशी प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. मोजक्या रुग्णालयांत तातडीची सेवा चालू ठेवली होती. पण विरळ वस्तीच्या मुलखात मोजक्या म्हणजे फार लांबच्या. पहिल्याच दिवशी मेंदूज्वर झालेल्या एका नऊ महिन्यांच्या मुलाला घेऊन आईबाप बंद दवाखान्यांवरून पुढच्या गावी, तिथून आणखी पुढच्या गावी निघाले. मूल वाटेतच गेले. दवाखाना उघडा असता तर ते वाचले असते, असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये. मेंदूज्वर तसा आजारच आहे. पण त्या आईबापांच्या मनात तो बंद दरवाजा जन्मभर राहिला असेल, एवढे म्हणायला वैद्यकशास्त्र शिकावे लागत नाही.

संप २३ दिवस चालला. सगळे लोक सरकारच्या बाजूने होते असेही नव्हते. आमचे डॉक्टर प्रांत सोडून जातील या भीतीने आया एकत्र आल्या आणि 'डॉक्टर टिकवा' अशा समित्या गावोगावी निघाल्या. ११ जुलैला त्यांनी विधानभवनावर मोर्चा नेला. तीस-चाळीस हजार लोक येतील अशी हवा होती, प्रत्यक्षात चार-पाच हजारच आले. दुसरीकडे योजनेच्या पाठीराख्यांनी सहकारी पद्धतीचे दवाखाने काढले, सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणले. शेवटी लॉर्ड टेलर मध्यस्थीला धावून आले. हे स्वतः डॉक्टर आणि ब्रिटनमधल्या मजूर पक्षाचे उमराव. २३ जुलैला सस्कटून शहरात करार झाला. योजना राहिली, सर्वांसाठी राहिली. मात्र डॉक्टर पगारी नोकर होणार नाहीत, त्यांना कामागणिक फी मिळेल, ज्याला योजनेबाहेर राहून प्रॅक्टिस करायची आहे त्याला ती मोकळीक राहील, आणि डॉक्टरांच्या विमा संस्था बिले पोचवण्याचे काम करत राहतील, असे ठरले.

आता डॉक्टरांचे म्हणणे काय होते ते नीट ऐकायला हवे. त्यांना नुसते पैशाचे लोभी ठरवले की आपली सुटका होते, प्रश्नाची होत नाही. ते म्हणत होते : जो पैसे देतो तो हुकूम देतो. आज सरकार फी देईल, उद्या कोणत्या पेशंटला कोणते औषध द्यायचे हे ठरवील, परवा पेशंटचे कागद मागेल. कायद्याने नेमलेल्या आयोगाला सेवेच्या अटी-शर्ती ठरवण्याचे अधिकार होते, आणि या कलमावर त्यांचा मोठा रोष होता. दुसरे म्हणणे असे की बहुमताने निवडणूक जिंकली म्हणून एका लहान वर्गाच्या श्रमावर बहुमताची मालकी होत नाही. आपण या देशात अल्पसंख्य म्हणून जगतो. बहुमत म्हणजे न्याय नव्हे, हे आपल्याला वेगळे शिकवायला नको. म्हणून हा मुद्दा मला सहज झटकून टाकता आला नाही.

आणि डॉक्टरांची पहिली भीतीसुद्धा पोकळ नाही. तिचा पुरावा आपल्याच देशात आहे. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. आकडा दिल्लीतून निघायचा आणि तलाठी, मास्तर, पोलीस असा खाली उतरत यायचा. शिक्षकांनाही 'केसेस' आणण्याचे कोटे होते, आमच्या बिरादरीनेही त्यात हात काळे केले. नोव्हेंबर १९७६ मध्ये हरियाणातल्या मेवातींच्या उटावड गावाला पोलिसांनी पहाटे वेढा घातला आणि पुरुषांना धरून नसबंदीसाठी नेले. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक तर आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याच वर्षी मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, हे आपले नशीब.

पण या सगळ्या शस्त्रक्रिया पोलिसांनी केल्या नाहीत, तहसीलदारांनी केल्या नाहीत. डॉक्टरांनी केल्या. टेबलावर आणलेला माणूस राजीखुशीने आलेला नाही हे समोर दिसत असताना केल्या. तिथे एखाद्या डॉक्टरने हातमोजे काढून ठेवले असते आणि 'हे मी करणार नाही' म्हटले असते, तर त्याला आपण आज सलाम केला असता. कोणी म्हटलेही असेल, कारण चांगली माणसे सगळ्या काळात असतात. पण दवाखाने बंद करून, रस्त्यावर उतरून सरकारला 'पेशंटच्या अंगाला त्याच्या मर्जीविरुद्ध हात लावणार नाही' असे बजावणारा डॉक्टरांचा देशव्यापी लढा आपल्या आठवणीत नाही. सरकार खरोखर ऑपरेशन थिएटरमध्ये शिरले होते तेव्हा दारे उघडी राहिली. सरकार बिल भरायला आले तेव्हा मात्र दारे बंद झाली. स्थळ वेगळे, काळ वेगळा, डॉक्टरही वेगळे. तरी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय मला हा प्रश्न उलगडला नाही.

डॉक्टरच्या 'नाही'चे दोन प्रकार आहेत. एक नाही पेशंटसाठी असतो. त्याच्या शरीरासाठी, त्याच्या गुपितासाठी, त्याच्या मर्जीसाठी. असा नकार देताना डॉक्टर पेशंट आणि सत्ता यांच्या मध्ये उभा राहतो आणि किंमत स्वतः मोजतो : नोकरी जाते, बदली होते, तुरुंगही घडतो. दुसरा नाही व्यवसायासाठी असतो. फी कशी मिळावी, किती मिळावी, कोणाकडून मिळावी, हिशेब कोणाला दाखवावा. हा नकारही गैर नाही. पोट प्रत्येकाला आहे. पण तो देताना दार बंद केले, तर किंमत पेशंट मोजतो. घोटाळा होतो तो दोन्हींना 'स्वातंत्र्य' हे एकच नाव दिल्यामुळे. १९६२ च्या डॉक्टरांचे सगळे म्हणणे खोटे नव्हते. पहिल्या नकाराची भाषा घेऊन ते दुसऱ्या नकाराची लढाई लढत होते, आणि लढताना आपण कोणती लढतो आहोत हे त्यांचे त्यांनाही बहुधा कळत नव्हते. करारात काय टिकले ते पाहा. आयोगाचा हात तपासणीच्या खोलीबाहेर राहिला, आणि पैसे देण्याची जबाबदारी मात्र सरकारवर राहिली. म्हणजे दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येत होत्या. त्यासाठी तेवीस दिवस दार बंद ठेवायची गरज होती काय, हा प्रश्न उरतोच.

भाचा म्हणतो, "माझा दवाखाना माझा आहे, सरकारचा इथे काय संबंध?" मला वाटते, सरकार दवाखान्यात आधीपासूनच आहे, फक्त आपल्या सोयीचे असते तेव्हा ते दिसत नाही. नोंदणी नसलेल्या माणसाने गावात सुई टोचली तर पोलीस त्यालाच धरतात. डॉक्टरकीचा हक्क मूठभरांना आणि बाकीच्यांना मनाई, ही भिंत कायद्याने बांधलेली आहे. ही रीत आजकालचीही नाही. इ. स. ९३१ मध्ये बगदादला एका वैद्याच्या चुकीने माणूस दगावला. तेव्हा खलिफा अल-मुक्तदिरने परीक्षा दिल्याशिवाय कोणी वैद्यकी करू नये असा हुकूम काढला आणि सिनान इब्न साबित या हकिमाला परीक्षक नेमले. शहरात आठशे साठच्या आसपास वैद्य परीक्षेला बसले, असे जुने इतिहासकार लिहितात. त्यांत एक रुबाबदार म्हातारा होता, त्याला धड लिहितावाचता येत नव्हते. माझी रोजी बंद करू नका, अशी त्याने विनवणी केली. सिनानने ती ऐकली, पण अट घातली : जे कळत नाही त्यावर उपचार करायचा नाही, रक्त काढायचे नाही, जुलाब द्यायचे नाहीत. म्हणजे त्याच्या पोटाचा विचार झाला, पण पेशंटच्या जिवाची हमी घेऊन.

या भिंतीच्या आत जो उभा आहे, त्याला समाजाने खूप काही दिलेले असते. माझ्या भाच्याचे एम.बी.बी.एस. सरकारी कॉलेजात झाले. त्याच्या हॉस्टेलची फी दोन वर्षे आमच्या जमातीच्या फंडातून गेली, त्यात रिक्षावाल्यांचेही पाच-पाच रुपये होते. सरकारी वॉर्डातल्या ज्या गरीब बायाबापड्यांच्या नाडीवर बोट ठेवून तो शिकला, त्यांना कोणी विचारले नव्हते की या पोराने तुमच्यावर शिकावे काय. त्याचे कौतुक कमी करण्यासाठी हे सांगत नाही, पोराने मेहनत जबरदस्त केली. पण अशी विद्या ही नुसती मालमत्ता नसते. तिच्यात पुष्कळांचा हिस्सा असतो. आपल्या भाषेत तिला अमानत म्हणतात.

सस्कॅचेवानमध्ये ही भिंत आणखी उंच होती. तिथे डॉक्टरांना परवाना देणारी संस्था आणि डॉक्टरांच्या हितासाठी लढणारी संघटना एकच होती. एकाच हातात न्यायाधीशाची लेखणी आणि वकिलाचे वकीलपत्र. संप मिटल्यावर सहकारी दवाखान्यांत काम करायला आलेल्या डॉक्टरांना रुग्णालयांत पेशंट दाखल करण्याची परवानगी मिळणे अवघड झाले, इतके की सरकारला चौकशी नेमावी लागली. स्वातंत्र्याच्या नावाने लढलेल्यांनी वेगळ्या रीतीने काम करू पाहणाऱ्या आपल्याच भाईबंदांचे स्वातंत्र्य अडवले. तेव्हा नियंत्रण हवे की नको, असा प्रश्नच नसतो. नियंत्रण असतेच. ते सरकारचे, विमा कंपनीचे, संघटनेचे, नाहीतर पेशंटच्या रिकाम्या खिशाचे असते. विचारायचे ते इतकेच की नियंत्रण ज्याच्या हाती आहे त्याला जाब विचारण्याची सोय आहे काय. सरकारला निदान पाच वर्षांनी घरी पाठवता येते. रिकाम्या खिशाला कुठल्या मतपेटीत पाडणार?

'डॉक्टर विरुद्ध सरकार' असे आपण सहज म्हणतो, पण सगळे डॉक्टर एका बाजूला कधीच नसतात. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू होण्याआधी, फेब्रुवारी १९४८ मध्ये, ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने मतदान घेतले. सुमारे नव्वद टक्के डॉक्टरांनी नापसंती दिली. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हनने काही सवलती दिल्या आणि ५ जुलैला सेवा सुरू झाली, तेव्हा बहुतेक डॉक्टर तिच्यात आले. अमेरिकेत वृद्धांच्या 'मेडिकेअर' विम्याला अमेरिकन मेडिकल असोसिएशनने वर्षानुवर्षे कडवा विरोध केला. पण काळ्या डॉक्टरांची नॅशनल मेडिकल असोसिएशन ही वेगळी संघटना होती, तिने त्याला पाठिंबा दिला. कारण आतल्या बाकावर बसणाऱ्याला जे दिसत नाही, ते बाहेर उभ्या असलेल्याला दिसते. दक्षिणेत पुष्कळ रुग्णालयांत काळ्या पेशंटांना वेगळा वॉर्ड होता, कुठे प्रवेशच नव्हता, आणि काळ्या डॉक्टरांना काम करू दिले जात नव्हते. १९६५ साली मेडिकेअरचा कायदा झाला. रंगभेद पाळणाऱ्या रुग्णालयाला त्यातला पैसा मिळणार नाही, अशी अट अमलात आली, आणि १९६६ मध्ये काही महिन्यांत एक हजारांहून अधिक रुग्णालयांनी वेगळे वॉर्ड मोडले. हेही सरकारी नियंत्रणच होते. ज्यांच्यासाठी दार आधीच उघडे होते त्यांना ते जाचक वाटले. ज्यांच्यासाठी ते बंद होते त्यांना आत जाता आले. आपल्या वस्त्यांतल्या माणसाला सरकारी दवाखान्याच्या ओळीत कसे वागवले जाते हे ज्याने पाहिले आहे, त्याला दोन्ही गोष्टी एकदम समजतील : सरकारची भीतीही, आणि सरकारची गरजही.

आता भाच्याच्या टोमण्याकडे येतो. मास्तरांचा संप चालतो, मग डॉक्टरांचा का नाही? मी पुष्कळ विचार केला. बुडालेला धडा मेमध्ये जादा तास घेऊन भरून काढता येतो, गेलेला जीव परत आणता येत नाही, हे उत्तर सरळ आहे, पण पुरेसे नाही. झेडपीच्या शाळेतले ज्याचे वर्ष बुडते, त्याचेही काही भरून येत नसते. म्हणून मी असे म्हणेन : संपाचा हक्क दोघांनाही आहे, पण ज्याचे नुकसान होणार त्याचा आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याचा संबंध किती, हे दोघांनीही पाहावे. डॉक्टरचे भांडण मुख्यमंत्र्याशी असते. मुख्यमंत्र्याला छातीत कळ आली तर त्याला डॉक्टर मिळतोच. ज्याला मिळत नाही त्याने तो कायदा वाचलेलासुद्धा नसतो. भांडण एकाशी आणि ओलीस दुसराच, हे कोणत्याही हक्कात बसत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलेच आहे की जीव वाचवणे हे सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. राजस्थानच्या कायद्याने त्याच कर्तव्यापुढे एक वाक्य जोडले : आगाऊ पैसे मागू नका, आणि पेशंटने नंतर दिले नाहीत तर राज्य देईल.

सस्कॅचेवानच्या गोष्टीचा शेवट बोधकथेसारखा गोड नाही. १९६४ च्या निवडणुकीत वुड्रो लॉइडचा पक्ष हरला. पण ज्यांनी योजनेच्या विरोधात रान उठवले होते त्यांनीही सत्तेवर आल्यावर ती मोडली नाही, कारण तोवर लोकांना तिची चव कळली होती. डॉक्टरांचे उत्पन्न घटेल ही भीती तर उलटी ठरली. बिले बुडेनाशी झाली आणि उत्पन्न वाढले. १९६६ मध्ये संपूर्ण कॅनडासाठी कायदा झाला आणि १९७२ पर्यंत सगळे प्रांत त्यात आले. १९८४ मध्ये पेशंटकडून वरची फी घेण्यावर बंधन आले, तेव्हा ओंटारिओ प्रांतातल्या डॉक्टरांनी १९८६ साली पुन्हा संप केला, पण बंधन टिकले. आजही तिथे तक्रारी आहेत. शस्त्रक्रियेसाठी लांबच लांब रांग आहे, कुटुंबाचा डॉक्टर मिळणे अनेकांना कठीण झाले आहे. सरकारने खर्च उचलला म्हणजे सगळे सुरळीत होते, असे मानणारा भाबडा म्हणायचा. पण २००४ साली तिथल्या सरकारी दूरदर्शनने सर्वांत थोर कॅनेडियन कोण, असे लोकांना विचारले, तेव्हा लोकांनी निवडला तो टॉमी डग्लस.

राजस्थानात ४ एप्रिल २०२३ रोजी सरकार आणि डॉक्टर यांच्यात समझोता झाला. पन्नासपेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालये, आणि ज्यांनी सरकारकडून सवलतीची जमीन वगैरे काही घेतले नाही अशी रुग्णालये, यांना वगळण्याचे ठरले. माझ्या भाच्यासारखे हॉस्पिटल तिथे असते तर तेही सुटले असते. त्याने फोन करून सांगितले, "मामू, बघा, शेवटी आमचे ऐकावेच लागले." मी म्हटले, "ऐकले, हे चांगले झाले. पण आता असे बघ. रस्त्यावर अपघात झालेला माणूस पडला आहे आणि जवळ तुझेच वीस खाटांचे हॉस्पिटल आहे. तो सुटला की अडकला?"

तो काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "मी त्याला परत पाठवणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

मला ते माहीत आहे. मध्यरात्री उठून त्याने पैसे न घेता तपासलेली माणसे मी पाहिली आहेत. पण डग्लसचा पाय वाचवणारा सर्जनसुद्धा भला माणूसच होता. पेशंटचा जीव भल्या माणसाच्या भेटीवर टांगलेला नसावा, एवढ्यासाठी तर कायदा हवा. आणि कायदा केल्यावर डॉक्टरचे पैसे महिनोन्‌महिने अडकवून ठेवणारे सरकार आपलीच अमानत मोडत असते, हेही तेवढ्याच ठणकावून सांगायला हवे. त्यासाठी भाच्याने लढावे. मोर्चा काढावा, कोर्टात जावे, मी म्हातारा त्याच्याबरोबर चालत येईन. उद्या सरकारने त्याला एखाद्या पेशंटचे गुपित मागितले, किंवा कोणाच्या अंगाला त्याच्या मर्जीविरुद्ध सुरी लावायला सांगितले, तर त्याने सरळ नाही म्हणावे. तेव्हा त्याचे घर चालवायची जबाबदारी आम्हा सर्वांची.

मात्र हॉस्पिटलचे दार उघडे ठेवून हे सगळे करावे. इतकेच माझे त्याला सांगणे आहे.